'बरोबरी', 'अनिर्णित' आणि रशियन 'निच्या'

प्रश्न : १९७८ च्या सोव्हिएत सर्वोच्च फुटबॉल साखळीवर मराठीत लिहितो आहे आणि एका शब्दाशी अडलो आहे. आधीच्या वर्षी दिनामो कीवने ३० सामन्यांपैकी १४ जिंकले, एकच हरला, तब्बल १५ बरोबरीत सोडवले आणि ४३ गुणांसह विजेतेपद नेलं. विजयाला तेव्हा दोन गुण, बरोबरीला एक. म्हणून १९७८ ला नियम आला: पहिल्या आठ बरोबरींनाच गुण, नवव्यापासून शून्य. रशियनमध्ये 'लिमित ना निच्यी'. मी 'अनिर्णित सामन्यांवरील मर्यादा' लिहिलं, पण ते परिपत्रकासारखं वाटतं.

उत्तर : 'अनिर्णित' काढून टाका. पाचव्या दिवशी वेळ संपून कसोटी अनिर्णित राहते, तिथे तो शब्द चपखल आहे, कारण निर्णय लागायचा राहिलेला असतो. फुटबॉलमधला २–२ हा मात्र पुरता निकाल आहे. आपल्याकडे कुस्ती 'बरोबरीत सोडवतात', तेच घ्या. आणि 'निकाली कुस्ती' विसरू नका! १९७३ च्या मोसमात बरोबरी झाली की पेनल्टी मारायला लावत. सरस ठरेल त्याला एक गुण, दुसऱ्याच्या हाती काही नाही. 'प्रत्येक सामना निकाली करायचा' असं लिहिलंत, तर आखाड्याभोवती बसलेल्या कुणालाही ते लगेच कळेल. (त्या वर्षी येरेवानच्या अरारातने साखळी आणि चषक दोन्ही जिंकले. पेनल्टीचा नियम पुढच्या मोसमात राहिला नाही.)

प्रश्नकर्ता : पटलं. पण 'बरोबरी' वापरली की वेगळीच पंचाईत होते. मर्यादा प्रत्येक संघाची स्वतंत्र होती. समजा सामना १–१ सुटला. एका संघाची ती सातवी बरोबरी, समोरच्याची नववी. पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला शून्य. मग बरोबरी कसली?

उत्तर : इथेच रशियन शब्द मला फार आवडतो. 'निच्या' म्हणजे शब्दशः 'कोणाचीच नाही'. मागे 'इग्रा', म्हणजे खेळ, हे स्त्रीलिंगी नाम गृहीत आहे. बुद्धिबळातही हाच शब्द. त्यात समानतेचा दावाच नाही, फक्त मालकी नाकारलेली आहे. त्यामुळे गुण सारखे वाटले नाहीत तरी शब्दाला धक्का लागत नाही. आपली 'लढत'ही स्त्रीलिंगीच, तेव्हा लेखात एकदा 'कोणाचीच न झालेली लढत' असा अर्थ सांगून टाका आणि पुढे 'बरोबरी'च वापरा.

गोलशून्य बरोबरीला ते 'सुखाया निच्या' म्हणतात. 'सुखाया' म्हणजे कोरडी, आणि तो शब्द आपल्या 'सुक्या'चा सख्खा नातलग आहे: संस्कृत शुष्क, मराठी सुका, रशियन सुखोय. 'सुकी बरोबरी' मराठीत बिनधास्त लिहा, मला तरी ती ०–० पेक्षा जास्त दिसते.

अनेकवचन मात्र टाळा. 'आठ बरोबऱ्या' कानाला खुपतं, कारण बरोबरी आपण मोजत नाही, ती करतो किंवा साधतो. 'बरोबरीत सुटलेल्या आठच सामन्यांना गुण' असं लिहा.

प्रश्नकर्ता : तसंच केलं. तक्त्यातली पहिली ओळ आता अशी आहे: दिनामो तिबिलिसी, सामने ३०, विजय १७, बरोबरी ८, पराभव ५, गुण ४२. विजेत्यांच्या बरोबर आठच, एकही गुण वाया न गेलेला.