मदत हवी आहे: ‘व्यक्ती’ ठरवायचा निकष कोणता धरू?

अभ्यासगटात वीस मिनिटं बोलायचंय आणि गाडी एकाच जागी अडलीय.

सुरुवात इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकपासून केलीय. मानवी आकलनावरच्या त्याच्या निबंधाच्या १६९४च्या आवृत्तीत तो म्हणतो, विचार करणारा आणि वेगवेगळ्या काळी-ठिकाणी स्वतःला ‘मी तोच’ म्हणून ओळखणारा जीव म्हणजे व्यक्ती. ऐकायला चोख. पण स्मृतिभ्रंश खूप पुढे गेलेली बाई घ्या. स्वतःचं नाव सांगता येत नाही, मुलगी ओळखू येत नाही, पण वेणी घट्ट घातली की हात झटकते. लॉकच्या मोजपट्टीवर ती व्यक्ती उरतच नाही, आणि हे माझ्या घशाखाली उतरत नाही.

लॉकवरचा तत्त्वज्ञ थॉमस रीडचा १७८५चा सेनापतीचा आक्षेप (म्हाताऱ्या सेनापतीला तरुणपणचा पराक्रम आठवतो, पण तेव्हा आठवणारं बालपण आता आठवत नाही, मग तो तोच का?) वाचलाय, कृपया तो सुचवू नका. तो ‘तीच व्यक्ती का’ याबद्दल आहे, माझा प्रश्न ‘मुळात व्यक्ती का’ हा आहे.

पुढे होऊ शकणारी क्षमता धरली तर तान्हं बाळ आत येतं, ही बाई बाहेरच राहते. नात्यांवरून ठरवलं तर जिचं कोणीच नाही तिचं काय? मनुष्यजात हाच निकष मानला तर सगळे आत येतात खरे, पण मग प्राण्याच्या प्रजातीला एवढं वजन का, याचं उत्तर सापडत नाही (हा मला सगळ्यात आळशी मार्ग वाटतो).

आत्म्याचा आधार नकोय, कंपनीसारखी कायद्यातली व्यक्तीही नको. जाणिवेचा निकष न सोडता या बाईला आत ठेवणारा, ओढूनताणून न आणलेला युक्तिवाद कोणी मांडलाय का?