एअरबॅग उघडली नाही, तर सिद्ध कोणी करायचं?

गाडीवान
जूनमध्ये माझ्या मेव्हण्याची गाडी नगर रस्त्यावर उभ्या ट्रकच्या मागे घुसली. बॉनेटची घडी होऊन काचेला टेकली, काच डॅशबोर्डवर आली. बेल्ट लावला होता म्हणून माणूस वाचला, पण जबडा आणि तीन बरगड्या मोडल्या. एअरबॅग मात्र दोन्ही जागच्या जागी. कंपनीचा इंजिनीअर आला, लॅपटॉप जोडला, अर्ध्या तासात निघून गेला. नंतर पत्र आलं : 'एअरबॅग उघडण्याइतका आघात सेन्सरला मिळाला नाही, यंत्रणेत दोष नाही.' तो डेटा आम्हालाही द्या म्हटलं, तर ही कंपनीची अंतर्गत बाब आहे म्हणे.

माझं मत सरळ आहे. गाडीचा चेंदामेंदा झाला आणि एअरबॅग उघडली नाही, तर ती का उघडली नाही हे कंपनीने सिद्ध करावं, पुराव्यानिशी. ज्याचा जबडा तारांनी बांधलाय त्याने नव्हे. सर्वोच्च न्यायालयानेही एप्रिल २०२२ मध्ये ह्युंदाई क्रेटाच्या खटल्यात हीच बाजू घेतली. २०१७ साली दिल्ली-पानिपत रस्त्यावर अपघात झाला होता, एअरबॅग उघडल्या नव्हत्या. कंपनीचं म्हणणं, आघात पुरेसा नव्हता. कोर्ट म्हणालं, ग्राहक काही वेग आणि बलाची गणितं मांडणारा भौतिकशास्त्री नसतो. नुकसानभरपाई तर मिळालीच, शिवाय गाडी बदलून देण्याचा आदेश कायम राहिला.

स्पॅनर
असहमत. मेव्हण्यांबद्दल वाईट वाटतं, पण चेंदामेंदा हा निकषच चुकीचा आहे.

एअरबॅगचा कंट्रोलर गाडीचा पत्रा किती वाकला ते बघत नाही. गाडीचा वेग किती झटक्यात कमी झाला ते बघतो. समोरून भिंतीला धडकलात तर बंपरमागचे जाड लोखंडी दांडे आघात घेतात, वेग एकदम तुटतो आणि पहिल्या १५-२० मिलिसेकंदांत निर्णय होतो. पापणी लवायच्या आत फुगा भरून तयार. उभ्या ट्रकखाली घुसलात की बंपर आणि ते दांडे ट्रकच्या खालून जातात. मार बसतो बॉनेट, काच आणि छत पेलणाऱ्या खांबांना. हे भाग मऊ, त्यामुळे गाडी तुलनेने सावकाश थांबते. फोटोत भयंकर दिसतं, कंट्रोलरला किरकोळ वाटतं. गाडी उलटल्यावरही तेच, समोरच्या एअरबॅग उघडतीलच असं नाही. मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं असतं, ते प्लॅस्टिकच्या पिशवीतून कोणी बाहेर काढतं का?

दोष त्या ट्रकच्या मागे आडवा गार्ड धड नव्हता त्याचा. आणि बिनदिव्याचा ट्रक हायवेवर लावणाऱ्याचा.

लाल डबा
गार्डबद्दल +१. आपल्याकडचे निम्मे गार्ड म्हणजे वेल्डिंगवाल्याने डकवलेली पट्टी.

गाडीवान
@स्पॅनर, तुम्ही सांगताय ते बरोबर असेलही. मग हेच कंपनीने आकड्यांसकट का नाही सांगितलं? कंट्रोलरच्या आत अपघाताच्या क्षणाची नोंद असते ना? वेग, ब्रेक, बेल्ट, झटका. अमेरिकेत २०१५ च्या कायद्याने ही नोंद गाडीमालकाची मानली जाते आणि ती वाचायचं यंत्र बाजारात मिळालं पाहिजे असा नियम आहे. इथे आरोपीच पंचनामा करणार आणि आम्ही सही करायची!

स्पॅनर
नोंद मालकाला मिळावी, याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो 'उघडली नाही म्हणजे दोष' या समीकरणाला. असे निकाल येत राहिले तर कंपन्या काय करतील? फुगा लवकर उघडेल असं सेटिंग करतील. म्हणजे खड्ड्यात आपटलं तरी भडाम. एअरबॅग म्हणजे उशी नव्हे, ताशी तीनशेच्या आसपास वेगाने तोंडावर येते. डिसेंबर २०२४ मध्ये वाशीत काय झालं आठवा. पुढच्या गाडीशी धडक झाली, एअरबॅग व्यवस्थित उघडली आणि पुढच्या सीटवर बसलेला सहा वर्षांचा मुलगा गेला.

माजघर
हे वाशीचं उदाहरण इथे कशाला? मुलाला पुढे बसवू नये हा वेगळा विषय आहे. उघडल्यामुळे कोणी दगावलं म्हणून न उघडणं माफ होत नाही.

आणि 'यंत्रणेत दोष नाही' यावर डोळे मिटून विश्वास का ठेवावा? ताकाताचं प्रकरण विसरलात? त्या जपानी एअरबॅग कंपनीचा इन्फ्लेटर, म्हणजे फुग्यात वायू भरणारा भाग, अमोनियम नायट्रेटवर चालायचा. वर्षानुवर्षं उष्णता आणि दमट हवा खाऊन ती पावडर खराब व्हायची आणि फुग्याबरोबर लोखंडाचे तुकडे माणसाच्या गळ्यात घुसायचे. कंपनीने चाचण्यांचे अहवाल फिरवले, २०१७ मध्ये अमेरिकेत गुन्हा कबूल केला आणि त्याच वर्षी दिवाळं काढलं. भारतातही होंडाने सिटी, जॅझ, अकॉर्ड परत बोलावल्या होत्या. आमच्या रत्नागिरीत कपाटातल्या चामड्याच्या चपलांना बुरशी येते, तिथे जुनी सेकंडहँड गाडी घेणाऱ्याने चेसिस नंबर टाकून रिकॉल तपासायलाच हवा. किती जण तपासतात?

स्पॅनर
ताकाता मान्य. तो सरळ गुन्हा होता. पण रिकॉल म्हणजे कंपनी चोर असंही नाही. मारुतीने जानेवारी २०२३ मध्ये एअरबॅग कंट्रोलरसाठी १७,३६२ गाड्या परत बोलावल्या, पार्ट बदलेपर्यंत गाडी चालवू नका असंही कळवलं. हे लपवण्याच्या उलट झालं.

गॅरेज गल्ली
तुम्ही दोघं कंपनीवर भांडताय, आमच्या धंद्यातलं ऐका. अपघातात एअरबॅग एकदा उघडली की नवी बसवायला मोठा खर्च येतो. विकायची गाडी असेल तर काही जण डॅशबोर्ड नुसता शिवून घेतात, आत काहीच नाही. मीटरवरचा लाल दिवा पेटू नये म्हणून वायरिंगमध्ये रेझिस्टर टाकतात. कंट्रोलरला वाटतं फुगा जागेवर आहे. इग्निशन चालू केल्यावर तो दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागतच नसेल तर बल्बच काढलाय समजा. विझला म्हणजे सगळं ठीक असंही नाही, रेझिस्टरवाल्या गाडीतही तो विझतोच. जुनी गाडी घेताना पॅनल उघडून बघणारा माणूस सोबत न्या.

अजून एक. साइड एअरबॅगच्या सीटवर बाजारातलं घट्ट रेक्झीन कव्हर चढवायचं आणि वर फुगा उघडला नाही म्हणून ओरडायचं, हेही रोज बघतो.

काळा कोट
गाडीवान, मत राहू द्या, आधी गाडी सांभाळा. विमा कंपनीने 'टोटल लॉस', म्हणजे दुरुस्तीपलीकडची ठरवून ती भंगारवाल्याला दिली की कंट्रोलरही गेला आणि केसही गेली. विमा कंपनी, गॅरेज आणि उत्पादक तिघांना लेखी कळवा की गाडी आहे त्या स्थितीत ठेवावी. तक्रार दाखल झाल्यावर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कलम ३८ खाली वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवण्याची सोय आहे, तसा अर्ज पहिल्याच दिवशी द्या. तक्रारीची मुदत दोन वर्षं. क्रेटाचा निकाल जोडा, पण त्यात गाडीच्या पुढच्या खांबापासून चाकाच्या सस्पेन्शनपर्यंतचं नुकसान नोंदलेलं होतं. तुमच्याकडे नुसतं बॉनेट असेल तर समोरचा वकील स्पॅनर यांचाच प्रतिसाद वाचून दाखवेल.

गाडीवान
गाडी अजून वर्कशॉपच्या आवारात आहे. विम्याच्या सर्व्हेअरचा दोनदा फोन येऊन गेला, कधी उचलायची म्हणून. उद्या पत्र टाकतो.

स्पॅनर
पत्रात 'कंट्रोल युनिट काढू नये, मालकाच्या माणसाशिवाय स्कॅनर जोडू नये' असं स्पष्ट लिहा. आणि पुढच्या दोन्ही दांड्यांचे खालून फोटो काढा, जॅकवर चढवून. ते सरळ निघाले तर माझं म्हणणं खरं, वाकलेले निघाले तर तुमचं.