पहिल्यांदा विंगसूट उडवायचाय, टँडेमनंतर पुढे काय?

वारं_प्यालेला (पुणे)

नमस्कार मंडळी,

वय २७, आयटीत नोकरी. गेल्या हिवाळ्यात दुबईला टँडेम उडी मारली. खाली समुद्रात खजुराच्या झाडाच्या आकाराचं ते बेट, पाठीला बांधलेला इन्स्ट्रक्टर, मिनिटभर नुसता वारा, मग छत्री उघडली आणि पाच-सात मिनिटांत आम्ही जमिनीवर. परत आल्यापासून माझं मन कशात लागत नाही. आता मला विंगसूट, म्हणजे हात-पायांमध्ये पंखांसारखं कापड असलेला पोशाख, घालून उडायचंय. स्वित्झर्लंडमधल्या त्या दरीतले व्हिडिओ रोज रात्री बघतो, कड्याला खेटून जाणारे.

आपल्या पुण्याच्या शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये थायलंडला नऊवारी नेसून उडी मारली होती, ते वाचल्यापासून वाटतं की आपल्यातल्या माणसालाही हे जमू शकतं. पण नेमकं कुठून सुरू करायचं ते कळत नाही. माझ्याकडे पाच-सहा लाख साठलेत. थेट विंगसूटचा कोर्स कुठे मिळेल का? विंगसूटआधी बऱ्याच साध्या उड्यांची अट असते असं ऐकलंय. स्वीडनमध्ये विंगसूटचा विंड टनेल (जोराच्या वाऱ्यावर तरंगायचा बंदिस्त बोगदा) आहे म्हणे, तिथे शिकून ती अट टाळता येते का? आणि घरी आईला हे कसं सांगायचं? कोणी प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

---

कामशेतचा_वारा

मी विंगसूट घातलेला नाही, पॅराग्लायडिंग करतो, त्यामुळे तेवढंच सांगतो. हवेत राहण्याची ओढ असेल तर आधी कामशेतला ये. ऑक्टोबर ते मे हंगाम असतो. शेलारच्या टेकडीवरून वारा धरला की तासभर खाली यावं लागत नाही, समोर पवना धरणाचं पाणी दिसत असतं. वारा वाचायला, छत्री हाताळायला आणि उतरायची जागा वरून ओळखायला इथे शिकशील. विंगसूटवाल्यालाही शेवटी छत्रीनेच उतरायचं असतं. खर्चही तुझ्या आवाक्यातला आहे.

---

सातारकर_चँडलर

तुला 'तू' म्हणते, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा आहेस.

मी मूळची साताऱ्याची, सध्या ॲरिझोनात चँडलरला राहते. इथून दक्षिणेला पाऊण तासावर इलॉय नावाचं लहानसं गाव आहे. आजूबाजूला कापसाची शेतं, बाकी वाळवंट, आणि गावाला लागून जगातल्या मोठ्या ड्रॉपझोनपैकी, म्हणजे विमानातून उड्या मारायच्या तळांपैकी एक. मी उडी मारायला तिथेच शिकले आणि पहिला विंगसूटही तिथेच घातला. तेव्हा जे माहीत आहे ते सगळं लिहिते, वेळ काढून वाच.

थेट कोर्स मिळणार नाही. इथल्या पॅराशूट संघटनेचा नियम आहे की विंगसूट घालण्याआधी किमान २०० उड्या हव्यात आणि लायसन्स चालू हवं. पहिलं, म्हणजे ए लायसन्स २५ उड्यांनंतर मिळतं. टँडेममध्ये सगळं काम मागचा माणूस करतो, त्यामुळे तुझी सुरुवात एएफएफपासून होईल, म्हणजे इन्स्ट्रक्टर सोबत असताना स्वतःच्या छत्रीने उडी मारायला शिकवणाऱ्या कोर्सपासून. आता तू मनात हिशोब करत असशील की एका उडीचं विमानाचं तिकीट साधारण ३० डॉलर, म्हणजे २०० उड्यांचे नुसते तिकिटांचेच सहा हजार. वर कोर्स, भाड्याची रिग (छत्र्या आणि पट्ट्यांचा पाठीवरचा संच), राहणं. तुझ्या पाच-सहा लाखांत एएफएफ आणि ए लायसन्स व्यवस्थित होईल. पुढचं दोन वर्षांत हळूहळू.

ही अट पैसे काढण्यासाठी आहे असं बऱ्याच जणांना वाटतं, म्हणून त्यामागचं कारण सांगते. साध्या उडीत हात मोकळे असतात. काही बिनसलं की विचार करायच्या आत हात हँडलवर गेलेला असतो, आणि ही सवय उड्या मारूनच लागते. विंगसूटमध्ये मनगटापासून कमरेच्या खालपर्यंत कापड असतं, दोन्ही पायांच्या मध्ये कापड असतं. तुझा पायलट चूट, म्हणजे मुख्य छत्रीला बाहेर ओढणारी छोटी छत्री, पाठीवरच्या कंटेनरच्या तळाशी असतो, तिथे हात न्यायचा कोनच बदलतो. ज्याला साध्या उडीत अजून हँडल शोधावं लागतं त्याने पंख बांधून तेच शोधायला जाऊ नये.

दुसरं कारण तुला कोणी व्हिडिओत सांगणार नाही. सगळ्यांच्या रिगमध्ये एएडी नावाचं एक छोटं यंत्र असतं. माणूस बेशुद्ध पडला तरी साधारण ७५० फुटांवर ते रिझर्व्ह, म्हणजे राखीव छत्री उघडतं. पण नेहमीच्या यंत्राला त्यासाठी खाली येण्याचा वेग ताशी सुमारे १२५ किलोमीटरच्या वर लागतो. साध्या फ्रीफॉलमध्ये, म्हणजे छत्री उघडण्याआधी, आपण १९० च्या आसपास पडतो. विंगसूटमध्ये तोच वेग ८०-१०० वर येतो, आणि यंत्राला वाटतं की छत्री उघडलेली आहे. विंगसूटसाठी वेगळ्या सेटिंगची यंत्रं आता निघालीत, तरी छत्री उघडण्याची जबाबदारी तुझी एकट्याची, असं धरूनच विमानात बसायचं.

आणि मांडीचे पट्टे! सूट हार्नेसवरून (रिगच्या पट्ट्यांवरून) चढतो, त्यामुळे मांडीचे पट्टे कापडाखाली झाकले जातात. ते न आवळता विमानात चढलेल्यांचे जीव गेलेले आहेत. माझी कोच झिप वर ओढण्याआधी स्वतःच्या हाताने माझे दोन्ही पट्टे खेचून बघायची. आता मी दुसऱ्यांचे बघते, ओळख असो वा नसो, आणि त्याचा कोणालाही राग येत नाही.

आता प्रत्यक्ष पहिल्या दिवसाबद्दल.

अर्धा दिवस जमिनीवरच गेला. टेबलावर पालथं झोपून हात-पाय पसरायचे, मिटायचे, छत्री ओढायची नक्कल करायची, परत पसरायचे. कोच मध्येच ओरडायची, "चपटी गिरकी!" की लगेच सगळे पंख मिटून गोळा व्हायचं. सूटचा तोल एका बाजूला गेला तर माणूस आडवा गरगर फिरू लागतो, आणि त्यावरचा उपाय पंख मिटणं हाच आहे. सूटही नवशिक्यांचा, लहान पंखांचा. मोठे सूट दिसायला देखणे असतात, त्यांच्याकडे पहिली काही वर्षं बघूसुद्धा नकोस.

जानेवारीतली सकाळ होती. ट्विन ऑटर विमान तेरा हजार फुटांवर पोचलं. आधी पोटावर पडणारे गट गेले, मग टँडेमवाले. विंगसूटवाले बहुधा शेवटी बाहेर पडतात, कारण आपण लांब जातो आणि बाकीच्यांच्या छत्र्यांपासून दूर राहावं लागतं. एवढं भरलेलं विमान रिकामं झालं, थंडी आत शिरली. दारात उभी राहिले तेव्हा पंख मिटलेले. हे फार महत्त्वाचं आहे. दारातच पंख उघडले तर वारा तुला उचलून विमानाच्या शेपटीवर आपटू शकतो. म्हणून पाऊल टाकायचं, दोनेक सेकंद नुसतं पडायचं, शेपूट वरून निघून जाऊ द्यायची.

मग मी हात उघडले.

सूटमध्ये झडपांतून हवा भरली आणि वाळत घातलेली चादर वाऱ्याने फुगावी तसं माझ्या दंडाखालचं कापड ताठ झालं. छातीखाली काहीतरी टेकल्यासारखं वाटलं. फ्रीफॉलचा तो कानठळ्या बसवणारा आवाज खाली आला, आणि पहिल्यांदाच मला जमीन माझ्याकडे येण्याऐवजी माझ्याखालून मागे जाताना दिसली. दक्षिणेला पिकाचो शिखर, मधून जाणारा महामार्ग, त्यावरचे ट्रक. कोच उजवीकडे, इतक्या जवळ की तिचं हसू दिसत होतं. तिने खूण केली, मी पायलट चूटला हात लावण्याचा सराव केला, परत पंख उघडले. ऑल्टिमीटर (उंचीमापक) पाहिला तर अजून नऊ हजार! साध्या उडीत तेरा हजारांवरून छत्री उघडेपर्यंत मिनिट पुरत नाही, इथे दोन मिनिटं मिळतात, सरावलेल्याला त्याहून जास्त. तोवर माझे खांदे आणि मांड्या भरून आल्या होत्या. व्हिडिओत हे आरामात तरंगणं दिसतं, खरं तर सगळं अंग सतत ताणून धरलेलं असतं. त्यामुळे आजपासून खांदे, पाठ, मांड्या यांचा व्यायाम सुरू कर.

दिशाही तूच ठरवायची असते. विमानाच्या मार्गाला काटकोनात निघायचं, मग वळून उलट्या दिशेने समांतर यायचं, मग ड्रॉपझोनकडे. पहिल्या उडीत हे चुकलं तर वाळवंटात निवडुंगांमध्ये उतरून लांबवर चालत यावं लागतं.

छत्री नवशिक्याने साडेपाच हजार फुटांच्या आसपास उघडायची, म्हणजे नेहमीपेक्षा बरीच वर. पाठीमागे हवेचा मोठा भोवरा तयार होतो, पायलट चूट त्यात अडकून घुटमळू शकतो. म्हणून तो मोठा आणि त्याचा पट्टा लांब लागतो. पाय जुळवायचे, दोन्ही हात एकदम मागे, फेकायचं, आणि शरीर सरळ. जरा वाकडं झालं तर दोऱ्यांना पीळ बसतो. माझ्या छत्रीला पीळ बसला होता, पाय झाडत सोडवला, उंची भरपूर होती. आधी छत्री नीट आहे का ते बघायचं, मग हातांच्या झिप सोडायच्या, मग पायांच्या.

टनेलबद्दल: स्टॉकहोमला २०१७ मध्ये विंगसूटचा तिरका टनेल सुरू झाला, तिथे नवख्या माणसालाही शरीर कसं धरायचं ते शिकता येतं ही गोष्ट खरी. पण विमानाचं दार, वाट शोधणं, छत्री उघडणं यातलं काही टनेल शिकवत नाही, म्हणून अट तशीच राहते.

आणि ते स्वित्झर्लंडचे व्हिडिओ. लाउटरब्रुननच्या दरीत जे चालतं ती बेस उडी, म्हणजे थेट कड्यावरून मारलेली. तिथे विमान नाही, उंची थोडी, रिझर्व्ह छत्रीही नाही, आणि खडक हाताच्या अंतरावर. तो वेगळा खेळ आहे. मी करत नाही, करणारही नाही, आणि तुला करू नको असं स्पष्ट सांगते. पाच हजार फुटांवर काही चुकलं तर सुधारायला वेळ असतो. दरीत तो कोणालाच नसतो, कितीही अनुभवी असला तरी.

सामानात बदल करण्याबद्दलही एक सांगते. आजच्या विंगसूटचा पाया फ्रान्सच्या पाट्रिक द गायार्दों यांनी १९९० च्या दशकात घातला. एप्रिल १९९८ मध्ये हवाईत त्यांचा मृत्यू झाला, स्वतःच्या रिगमध्ये स्वतः केलेल्या बदलामुळे. पुढच्याच वर्षी फिनलंडचे यारी कुओस्मा आणि क्रोएशियाचे रॉबर्ट पेचनिक यांनी बर्डमॅन कंपनी काढून सूट विक्रीला आणला आणि शिकवायची पद्धत बसवली. गायार्दोंसारख्या जाणकार माणसाचं असं होऊ शकतं, तर आपण रिगला मनाने एक टाकाही घालू नये.

---

निवृत्त_सुभेदार

ताईंनी लिहिलंय त्यात भर घालण्यासारखं फार नाही. मी फौजेत पॅराट्रूपर होतो, आग्र्याच्या शाळेत शिकलो. आमच्या उड्या स्टॅटिक लाइनच्या, म्हणजे विमानाला अडकवलेल्या पट्ट्याने छत्री आपोआप उघडायची, तरी विमानात चढण्याआधी जमिनीवर इतकी ड्रिल करून घ्यायचे की झोपेतही तोंडून मोजणी यायची. पाच उड्या झाल्या की छातीवर विंग, म्हणजे पॅराट्रूपरचा बिल्ला लागतो. त्या पाच उड्यांसाठी जमिनीवर किती घाम गाळला हे आजही आठवतं.

बेटा, रोज सकाळी पाच मिनिटं डोळे मिटून रिझर्व्हची ड्रिल कर. पाहा, पकडा, ओढा. घरी, रिग नसताना. आणि हवामान खराब असेल तर "आज नाही" म्हणायला लाजू नकोस. आमच्याकडे जंपमास्तर (विमानातल्या उड्यांचा प्रमुख) म्हणायचा ते, तुझ्याकडे तुलाच म्हणायचंय.

---

वारं_प्यालेला

ताई, सुभेदार साहेब, कामशेतवाले दादा, मनापासून आभार. एएडीचं मला अजिबात माहीत नव्हतं. ऑक्टोबरात कामशेतला जातोच. पुढच्या हिवाळ्यात रजा साठवून एएफएफ करायचं ठरवतोय. इलॉयला कधी यावं? मला चष्मा आहे, चालेल का? आणि आईचं राहिलंच.

---

सातारकर_चँडलर

नोव्हेंबर ते एप्रिल ये. उन्हाळ्यात इथे ४० च्या वर तापमान जातं आणि जुलै-ऑगस्टमध्ये धुळीची वादळं येतात, दिवसचे दिवस वाया जातात. चष्म्यावरून घालायचे गॉगल मिळतात, लेन्स असतील तरी गॉगल घट्ट हवा.

विम्याचे कागद निघण्याआधी वाच. प्रवासाच्या पॉलिसीत आणि बऱ्याच आयुर्विम्यांतही असे खेळ वगळलेले असतात. कंपनीला लेखी विचार आणि उत्तरही लेखीच घे.

आईला लपवून येऊ नकोस. माझ्या आईला मी एएफएफच्या आधी व्हिडिओ कॉलवर रिग उघडून दाखवली, ही मुख्य छत्री, ही रिझर्व्ह, ही कोण घडी घालतं, किती दिवसांनी तपासतात. तिने तासभर प्रश्न विचारले, इथल्या कोणत्याही परीक्षेपेक्षा अवघड. अजूनही तिला हे आवडत नाही, आणि मी तिला ते आवडून घ्यायला सांगत नाही. फक्त उडीच्या दिवशी उतरल्या उतरल्या फोन करते. तिच्याकडे तेव्हा रात्र असते, तरी ती जागी असते.

तिकीट काढलंस की इथे लिही. कोर्सच्या आदल्या दिवशी मी तुला ड्रॉपझोन फिरवून दाखवीन, आणि राहायची सोय कुठे स्वस्त पडते तेही सांगते.