मोडीचा ऑनलाइन वर्ग: वही कॅमेऱ्याला दाखवायची कशी?

पाचपाखाडीची_मावशी

वय ६८. टपाल खात्यात सॉर्टिंगला होते, म्हणजे लोकांचं भयंकर अक्षर वाचण्यात उभी हयात गेली. सासरच्या घरात मोडी कागदांचं एक बोचकं आहे. जमिनीचे असतील, उसनवारीचे असतील, घरात कुणालाच वाचता येत नाही. म्हणून झूमवरच्या मोडीच्या वर्गात नाव घातलंय. रात्री साडेआठचा वर्ग, सर छान शिकवतात, त्यांच्याबद्दल काही म्हणणं नाही.

अडचण अशी आहे. मोडीत आधी आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग शक्यतो हात न उचलता अक्षरं तिच्याखाली लिहीत जायची. अक्षर दिसतं कसं यापेक्षा हात कुठून कुठे वळला ते बघावं लागतं. आणि सरांचा हात माझ्या फोनवर दिसतो नखाएवढा! ‘दाखवा बघू तुमचा कित्ता’ म्हटलं की मी वही फोनसमोर धरते, तर मलाच अक्षरं आरशातल्यासारखी उलटी दिसतात. वर ट्यूबलाइट पानावर चमकते. तोवर सर पुढच्या नावावर गेलेले असतात.

मुलगा म्हणतो लॅपटॉप घेऊ. सून येते, काहीतरी दाबते, सगळं सुरू होतं. काय दाबलंस विचारलं तर ‘सोप्पंय हो आई’! मला ते माझं मला करायचंय. घरात एक जुना फोन आहे (काचेला तडा, बाकी ठणठणीत) आणि टीव्ही आहे. यात भागेल का? ‘त्यापेक्षा प्रत्यक्ष वर्गाला जा’ असं कृपया सांगू नका. गुडघे आहेत आणि रात्रीचे जिने आहेत.

नेरुळकर_काका

मावशी, लॅपटॉप अजिबात घेऊ नका. आधी त्या उलट्या अक्षरांचं: ती फक्त तुम्हालाच उलटी दिसतात. पुढच्या कॅमेऱ्यात झूम आपल्याला आपलंच चित्र आरशासारखं दाखवतं, सरांना वही सरळच दिसत असते. तरी सवय होत नसेल तर झूमच्या सेटिंग्जमध्ये ‘मिरर माय व्हिडिओ’ बंद करा.

आता जुना फोन कामाला लावा. एका उंच डब्यावर तो आडवा ठेवायचा, मागचा कॅमेरा डब्याच्या कडेबाहेर येईल असा, आणि उरलेल्या अर्ध्या भागावर वजन. मी वर छोटा खलबत्ता ठेवतो. वजन नसेल तर फोन सरळ वहीत कोसळतो. खाली वही, डावीकडे टेबललॅम्प (डावखुऱ्या असाल तर उजवीकडे), डोक्यावरची ट्यूब बंद. सावलीही पडत नाही, चमकही जाते.

जुन्या फोनवरून त्याच लिंकने आत यायचं, पण लॉगिन न करता, पाहुणा म्हणून. एकाच खात्याने दोन फोनवर आलात तर झूम पहिल्याला बाहेर काढतं. नाव द्या ‘मावशींची वही’ आणि सरांना आधी सांगून ठेवा, नाहीतर ते आत घेणार नाहीत. सगळ्यात महत्त्वाचं, या फोनवर ऑडिओ जोडायचाच नाही. दोन्हीकडे आवाज चालू राहिला की अशी शिट्टी वाजते की शेजारी बेल दाबतात.

सरांचा हात मोठा हवा असेल तर रोजच्या फोनची स्क्रीन टीव्हीवर टाका. मेन्यूत ‘कास्ट’ किंवा ‘स्मार्ट व्ह्यू’ असं काहीतरी सापडेल. टीव्ही स्मार्ट हवा, आणि फोन-टीव्ही एकाच वायफायवर. मात्र तुमचे मेसेजही टीव्हीवर येतात हे लक्षात ठेवा. माझ्या बहिणीचा भिशीचा हिशेब अख्ख्या घराने वाचला.

ऐरोलीची_सून

मी ती ‘काहीतरी दाबणारी’ सून. सासूबाई स्तोत्रपठणाचा वर्ग करायच्या तेव्हा मीही हेच करायची, कारण मागे गॅसवर कुकर असायचा. मग करार झाला की फोनला मी हात लावायचा नाही, फक्त तोंडाने सांगायचं. त्यांनी स्वतः दाबायचं आणि वहीत स्वतःच्या शब्दांत लिहायचं. त्यांच्या वहीत म्यूटचं बटण ‘काट मारलेला माइक’ आहे आणि वर्गातून बाहेर पडणं म्हणजे ‘लाल, शेवटी’. पहिले काही दिवस दोघींच्याही सहनशीलतेचा अंत झाला. आता मला कोणी हाक मारत नाही.

तुमच्या सुनेला वर्ग नसलेल्या वेळी बसवा. साडेआठला शिकायला गेलात तर दोघीही चिडाल.

बोरू_आणि_चष्मा

दोन गोष्टी. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर त्याचा वाचायचा भाग खाली असतो, त्यामुळे समोरचा पडदा वाचायला हनुवटी वर करावी लागते आणि तासाभरात मान धरते. चष्मेवाल्याकडे हातभर अंतराचा वेगळा नंबर काढून मिळतो, तो घ्या.

दुसरं, घरच्या कागदांचं. फ्लॅश न लावता, दिवसाउजेडी खिडकीजवळ फोटो काढा आणि दोन बोटांनी मोठे करून वाचा. मूळ कागद पुन्हापुन्हा उलगडू नका, घडीवर तुटतात. लॅमिनेशन तर कुणी फुकट करून दिलं तरी नको! मोडीत ह्रस्वदीर्घाचा भेद नाही, जुन्या कागदात शब्दांमध्ये जागाही सोडलेली नसते, तेव्हा सुरुवातीला ओळ जुळणार नाही. तुम्ही सॉर्टिंगवाल्या आहात, आधी गावांची नावं शोधा. ती सापडली की भोवतालचं वाचता येतं.

पाचपाखाडीची_मावशी

काका, डब्याचं जमलं! खलबत्ता मोठा आहे म्हणून तांदळाची पिशवी ठेवली. सरांनी पहिल्यांदाच माझी ओळ नीट पाहिली आणि लगेच सांगितलं की माझी अक्षरं रेघ सोडून खाली घसरतात. टीव्हीचं अजून झालेलं नाही, वायफाय दोघांना वेगवेगळं आहे म्हणे, रविवारी सुनेला बसवणार आहे (तोंडी!).

आणि बोचक्यातल्या एका कागदात गावाचं नाव वाचलं, चिपळूण. आमचं तिकडे कुणीच नाही, म्हणजे कागद नक्की कुणाचे हाच आता प्रश्न आहे.

काका, एक राहिलं. जुन्या फोनची बॅटरी अर्ध्या वर्गात संपते आणि चार्जर लावला की वायर पानावर येते. ती कुठून घ्यायची?

नेरुळकर_काका

कॅमेरा कडेबाहेर असला की चार्जिंगचं भोक डब्याच्याच बाजूला येतं. वायर तांदळाच्या पिशवीखालून मागे सोडा.