अख्खी गोठलेली टर्की घरी अर्धी कशी करायची?

हिमगौरी_मिनेसोटा:

मंडळी, जरा घाईचा प्रश्न आहे. आज शुक्रवार, येत्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग. फ्रीझरमध्ये १६ पौंडांची, म्हणजे जवळपास सव्वासात किलोची अख्खी टर्की पडून आहे. टर्की पाळण्यात आमचं राज्य अमेरिकेत पहिलं, त्यातून नोव्हेंबरात दुकानं भाव पाडतात, आणि मी गेले तेव्हा लहान टर्की संपल्या होत्या.

अडचण ही की खाणारी तोंडं कमी. सासू-सासरे सांगलीहून आलेत आणि दोघंही गुरुवार पाळतात, त्या दिवशी अंडंसुद्धा चालत नाही. आणि थँक्सगिव्हिंग तर कायम गुरुवारीच. राहिलो नवरा, मी, मुलगा आणि शेजारच्या आजी. अर्धी गुरुवारी करावी, उरलेली अर्धी नाताळात बहीण येईल तेव्हा, असा बेत आहे. म्हणून गोठलेली असतानाच मधोमध कापून एक भाग परत फ्रीझरमध्ये टाकायचाय.

घेतली त्या दुकानात फोन केला. एकदा बाहेर गेलेला माल परत मशिनवर घेत नाही म्हणाले. घरात जड सुरी आहे. नवऱ्याच्या गॅरेजमध्ये लोखंड कापायची हॅकसॉ आहे आणि बॅटरीवर चालणारी, पातं पुढे-मागे मारणारी करवतही आहे. त्याच्या मते पाच मिनिटांचं काम. मला धीर होत नाही. कोणी केलंय का? नक्की कशाने कापायची?

तिखटमीठ_डॅलस:

सुरीने अजिबात नको! मी तर म्हणेन कापूच नकोस. अख्खी भाज, गुरुवारी लागेल तेवढी वाढ, बाकीचं मांस हाडावरून सोडवून फ्रीझ कर. ओव्हनमधून काढल्यापासून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे, तिथे तीन-चार दिवस टिकतं, त्यापुढचं फ्रीझरमध्ये. शुक्रवारी सासू-सासऱ्यांनाही खाता येईल. आमच्याकडे दरवर्षी उरलेल्या टर्कीची बिर्याणी होते आणि मुलांना रोस्टपेक्षा तीच जास्त आवडते.

हिमगौरी_मिनेसोटा:

शुक्रवारचं सुचवलंस ते बरं झालं, सासऱ्यांना चव घ्यायचीच आहे. पण बहिणीला नाताळात ताजी भाजलेली हवी, कातडी कुरकुरीत असलेली. त्यामुळे अर्धी कच्चीच ठेवायची आहे.

कराडकर_कोलंबस:

ताई, हा माझ्या रोजच्या कामातला विषय आहे, म्हणून सविस्तर लिहितो. कराडला आमचं मटणाचं दुकान होतं, ओंडक्यावर सत्तूर चालवायला वडिलांनी शिकवलं. आता इथे ओहायोत एका दुकानाच्या मीट काउंटरवर आहे आणि नोव्हेंबरात गोठलेल्या टर्की बँडसॉवर, म्हणजे पट्टीसारखं पातं फिरणाऱ्या विजेच्या करवतीवर, रोज कापतो. ते मशिन हाताशी असूनही मी माझ्या घरात गोठलेली टर्की कापायला जाणार नाही, आणि तुमच्या यजमानांनाही कळकळीने सांगतो की जाऊ नका.

फ्रीझरचं तापमान उणे १८ सेल्सियस असतं. त्या तापमानाला मांस, हाड आणि आतला बर्फ मिळून एकच ढेप झालेली असते. सुरीची धार त्यात शिरत नाही, घसरते. टर्की गोल, कातडीवर बर्फाचा पापुद्रा, आणि खोलीतल्या उबेने तो पापुद्रा लगेच ओला होतो. धरायला जागाच नाही. सुरी घसरली की ती धरणाऱ्या हातावर येते. वरून हातोडी मारली तर पातं तरी तुटतं किंवा हाडाच्या कपच्या उडतात.

हॅकसॉच्या पात्याला एका इंचात १८, २४ किंवा ३२ दाते असतात, कारण ते लोखंडासाठी केलेलं असतं. मांस-चरबीचा लगदा त्या बारीक दात्यांत बसतो आणि थोड्या वेळात पातं नुसतं वरून फिरतं. शिवाय पात्याला रंग असतो, तेल असतं, ते मांसात जाणार. बॅटरीची करवत त्याहून वाईट. तिच्या दांड्याला आतून ग्रीस असतं, ती टर्कीला घट्ट धरण्याऐवजी गदागदा हलवते आणि कच्च्या मांसाचे शिंतोडे भिंतीपर्यंत जातात. गॅरेजमध्ये ते कुठे कुठे पुसणार? मुलाची सायकल तिथेच असेल.

आणखी एक गोष्ट, जी काउंटरवर उभं राहिल्याशिवाय लक्षात येत नाही. टर्कीच्या पोटात मान कोंबलेली असते, आणि गळ्याच्या बाजूच्या पोकळीत कागदी पिशवीत काळीज, हृदय, पेटा असतो. काही कंपन्या प्लास्टिकच्या पाकिटात ग्रेव्हीही घालतात. पाय एकत्र धरायला प्लास्टिकची किंवा तारेची कडी असते. गोठलेली कापली की हे सगळं मधोमध चिरलं जातं. मशिनवर कापलेल्या टर्कीतही दोन्ही भागांत कागदाचे तुकडे मांसाला चिकटून गोठतात, म्हणून गिऱ्हाइकाला देताना मी आवर्जून सांगतो की वितळल्यावर ते वेचून काढा. तारेची कडी असेल तर आमचं पातंही तुटतं.

म्हणून तुम्ही असं करा. उद्या सकाळी टर्की वेष्टनासकट खोल ट्रेमध्ये ठेवून फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा. फ्रीजमध्ये चार-पाच पौंडांना एक दिवस हा हिशोब आहे, म्हणजे १६ पौंडांना चार दिवस. पण आपल्याला पूर्ण वितळू द्यायची नाही. मंगळवारी संध्याकाळी बाहेर काढा. तोवर छातीवर बोट दाबलं की दबेल, पण पोटात हात घातला तर आत बर्फाचा चकचकीत थर आणि बोचरी थंडी लागेल. कापायला हीच वेळ सगळ्यात चांगली. मांस सुरीला साथ देतं आणि तरीही लिबलिबीत नसतं, जागेवर बसून राहतं.

आधी पायाची कडी काढा. मग मान आणि पिशवी काढा. चिकटून बसली असेल तर सिंकमध्ये पोटात बारीक धारेने थंड पाणी सोडा, शिंतोडे उडू देऊ नका. सगळं कागदी नॅपकिनने कोरडं टिपा. पाटाखाली ओलं फडकं घाला म्हणजे पाट सरकणार नाही. टर्की छाती खाली, पाठ वर अशी ठेवा. पोल्ट्रीची जाड कात्री घेऊन शेपटीकडून सुरुवात करा आणि कण्याच्या एका बाजूने, कण्याला घासून, मानेपर्यंत फासळ्या कापत जा. कात्री अडेल ती मांडीच्या सांध्यापाशी. तिथे जोर लावू नका. सुरीचं टोक घालून सांधा शोधा, टोक हाडाला लागलं तर केसभर बाजूला सरका, सांध्यात ते आपोआप शिरतं. मग दुसरी बाजू. कणा पूर्ण सुटून हातात येईल.

आता ती पुस्तकासारखी उघडा. मधोमध छातीचं हाड दिसेल. शेपटीकडचा भाग पांढरी कूर्चा असते, ती सहज कापली जाते. गळ्याकडे मात्र खरं हाड आहे. बरोबर मध्यावर खालच्या बाजूला हाडाची उभी कड असते, तिच्यावर सुरी मारलीत तर दमाल. अर्ध्या बोटाएवढं बाजूला घ्या, तिथे हाड पातळ आहे. जड सुरीचं मुठीजवळचं टोक तिथे ठेवा, दुसऱ्या हाताचा तळवा पात्याच्या पाठीवर ठेवा आणि अंगाचा भार द्या. कट्ट असा आवाज येतो आणि हाड फुटतं. नाहीच फुटलं तर पात्याच्या पाठीवर लाटण्याने ठोका, पण हात पात्याच्या पुढे नको. मग राहिलेलं मांस आणि कातडी एका ओढीत कापली जाते.

पुढच्या वर्षासाठी एक सांगतो. पैसे द्यायच्या आधी, टर्की ट्रॉलीत असतानाच मीट काउंटरवर विचारा. बरीच दुकानं फुकट कापून देतात. मात्र थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात नको, त्याच्या आदल्या आठवड्यात सकाळी लवकर जा. आमच्याकडेही बाहेर गेलेली परत आणलेली कापत नाहीत, कारण मधल्या वेळात ती कुठे होती हे कळायला मार्ग नसतो. तुमच्या दुकानाने नियमाप्रमाणेच केलं.

तपासनीस_शिकागो:

कराडकरांच्या पद्धतीला माझा पूर्ण पाठिंबा. मी आरोग्य खात्यात आहे, रेस्टॉरंटची स्वयंपाकघरं तपासते, म्हणून दोन गोष्टी जोडते. कच्ची टर्की परत गोठवता येते, पण ती फ्रीजमध्ये वितळवलेली असली तरच. फ्रीज ४० फॅरनहाइट किंवा त्याखाली असायला हवा. थंड पाण्यात वितळवली (पौंडाला अर्धा तास, दर अर्ध्या तासाने पाणी बदलून) तर ती लगेच शिजवावीच लागते. ओट्यावर ठेवून वितळवायची नाही. आणि मिनेसोटात थंडी कितीही असली तरी गॅरेजमध्येही नको, तिथलं तापमान आपल्या हातात नसतं. बाहेरून मांस ४० च्या वर गेलं की आत बर्फ असतानाही कातडीजवळ जंतू वाढायला लागतात.

पाट, सुरी, कात्री, सिंक आधी साबणाने धुवा, मग ब्लीचच्या सौम्य पाण्याने पुसा. विशेषतः सिंक. सासूबाईंचं गुरुवारचं सोवळं-ओवळं असेल तर वेगळा पाट वापरालच, पण आजार टाळण्यासाठीही सॅलडचा पाट वेगळाच हवा.

हिमगौरी_मिनेसोटा:

दोघांचेही किती आभार मानू. करवत नवऱ्याने स्वतःच परत खणात ठेवली. कराडकर दादा, अजून दोन शंका. परत गोठवलेल्या भागाची चव जाते का? आणि मला दह्या-आल्या-लसणाचं वाटण लावून भाजायची आहे, अर्ध्या टर्कीला किती वेळ लागेल?

कराडकर_कोलंबस:

ताई, थोडा रस कमी होतो, हे खरं. पण मंगळवारी कापताना तो भाग आतून अजून गोठलेलाच असेल आणि लगेच फ्रीझरमध्ये गेला तर फरक फार पडत नाही. गुंडाळण्यात कसूर करू नका. आधी प्लास्टिक अंगाला चिकटून बसेल असं, हवेचा फुगा न ठेवता. त्यावर फॉइल, मग फ्रीझरची पिशवी, हवा दाबून काढलेली. फासळ्यांची टोकं प्लास्टिक फाडतात, त्यांच्यावर फॉइलची दुहेरी घडी घाला. वर तारीख लिहा. नाताळाला तो भाग फ्रीजमध्ये दोन दिवस आधी काढा, सात-साडेसात पौंडांना तेवढे पुरतात.

वाटणाआधी वेष्टनावरचं लेबल वाचा. बहुतेक गोठलेल्या टर्कींत कंपनीनेच मिठाचं पाणी टोचलेलं असतं आणि किती टक्के ते छापलेलं असतं. तसं असेल तर वाटणात मीठ नेहमीच्या निम्म्याहून कमी घाला. वाटण बुधवारी लावा, आणि कातडीवर नको, कातडी बोटांनी सैल करून तिच्या खाली भरा. दही वर राहिलं तर जळतं आणि तुम्हाला हवी तशी कुरकुरीत कातडी मिळत नाही.

भाजताना हाडाची बाजू खाली, कातडी वर, ओव्हन ३२५ फॅरनहाइट. साधारण दोन तास धरा, पण दीड तासापासून थर्मामीटर लावायला लागा. छातीचा जाड भाग, मांडीची आतली बाजू आणि पंखाचा सांधा, तिन्हीकडे १६५ आलं पाहिजे, टोक हाडाला न टेकवता. मग वीस मिनिटं तशीच ठेवा आणि नंतर कापा.

हिमगौरी_मिनेसोटा:

मंगळवार रात्र. झाली अर्धी! सांध्याचं सांगितलंत ते अगदी तसंच झालं, टोक केसभर सरकवलं आणि सुरी आत गेली. छातीच्या हाडाला मात्र लाटणं लागलं. ग्रेव्हीचं पाकीट निघालं आमच्या टर्कीत, तेही अख्खं. नाताळची अर्धी गुंडाळून फ्रीझरमध्ये गेली. लेबलवर मिठाचं पाणी आहे असं लिहिलंय, म्हणून वाटणात मीठ जेमतेम घालणार आहे. आता कणा आणि मान उरलीय. टाकून द्यायची का?

कराडकर_कोलंबस:

टाकू नका हो! कण्याचे कात्रीने तीन तुकडे करा, मानेसोबत कुकरमध्ये घाला, हळद, आल्याचा तुकडा, कांदा, मिरी. हे पाणी गाळून ठेवा. अर्धं गुरुवारच्या ग्रेव्हीला. उरलेल्यात शुक्रवारी सुकं खोबरं-कांदा भाजून वाटा आणि सासऱ्यांसाठी तांबडा रस्सा करा. कराड-सांगलीची माणसं आहेत, त्यांना रोस्टपेक्षा तो आधी संपवावासा वाटेल. काळीज मात्र पाण्यात घालू नका, कडवट होतं. ते वेगळं कांद्यावर परता.