मुलुंडच्या गच्चीवरून रोझेट नेब्युला: लाल रंग गेला कुठे?

गच्चीवाला:
मंडळी, सोसायटीच्या हातापाया पडून गच्चीच्या कोपऱ्यात पत्र्याची खोली उभी केलीय, वरचं छप्पर चाकांवर सरकतं, तीच आपली वेधशाळा. ८० मिमीची दुर्बीण, ट्रॅकिंगवाला माउंट, साधा डीएसएलआर. परवा रोझेटचे (अवकाशातला वायूचा ढग म्हणजे नेब्युला, त्यातलाच हा) ३० सेकंदांचे १२० फोटो स्टॅक केले, म्हणजे एकावर एक रचून एक केले, मधला तारकागुच्छ एनजीसी २२४४ मस्त आलाय पण भोवतीचा लाल ढग जवळपास नाहीच, नुसता राखाडी चिखल. त्यात काही फ्रेम्समध्ये एकेक तारा दोन-दोन दिसतोय. काय चुकतंय?

मृगशीर्ष:
तो लाल म्हणजे हायड्रोजन-अल्फा, हायड्रोजन वायूचा लाल प्रकाश, तरंगलांबी ६५६.३ नॅनोमीटर, आणि साध्या डीएसएलआरच्या सेन्सरपुढचा फिल्टर नेमका तोच बराचसा गिळतो. कॅमेरा मॉडिफाय करून (तो फिल्टर बदलून) घे आणि ड्युअल-बँड फिल्टर लाव, म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेषा, म्हणजे त्यांचे ठराविक रंग, तेवढ्या आत येतील. पूर्वी सोडियमचे पिवळे दिवे होते, त्यांचा उजेड ठराविक पट्ट्यात असायचा म्हणून अडवता यायचा, आता पांढऱ्या एलईडींचा उजेड सगळ्या रंगांत पसरतो. फिल्टर लावलास की एक्स्पोजर १८० सेकंदांपर्यंत ने, आणि एका तासात भागणार नाही, चौपट वेळ दिलास तर सिग्नल-टू-नॉइज (खऱ्या उजेडाचं खरखरीशी प्रमाण) दुप्पट होतं, हिशोब असा कंजूष आहे.

वांगणीकर:
एवढा खर्च कशाला, शहराबाहेर अंधाऱ्या आकाशाखाली वांगणीला ये की.

मृगशीर्ष:
दीर्घिकांसाठी येऊच, त्यांचा उजेड सगळ्या रंगांत असतो, तिथे फिल्टर फारसा कामाचा नाही, पण असा नेब्युला शहरातून होतो रे. आणि रोझेट मुंबईतून बऱ्यापैकी डोक्यावर येतो, क्षितिजावरच्या धुरकटातून बघावं लागत नाही.

जुनाखेळाडू:
दोन-दोन ताऱ्यांचं कोणीच बोललं नाही. गच्चीवर लिफ्टची मशिनरूम आहे का? मोटर सुरू झाली की स्लॅबला हिसका बसतो, तुझं लक्षही जाणार नाही त्याच्याकडे पण दुर्बिणीला कळतं. ट्रायपॉड स्लॅबच्या मधोमध नको, खाली कॉलम असेल तिथे हलव.

गच्चीवाला:
आहे हो मशिनरूम, खोलीला अगदी चिकटून! काल मोबाईलवर वेळा लिहीत बसलो, बिघडलेली प्रत्येक फ्रेम लिफ्ट चालू असतानाचीच. साडेदहाला लोक जेवून शतपावलीला निघतात तेव्हा तर सलग सात गेल्या. ट्रायपॉड कॉलमवर नेतोय, फिल्टर पुढच्या पगाराला.