मदत हवी आहे : नवं कोरं बाथरूम, तरी नहाणीतून वास आणि गुडगुड

कंटाळलोय_आता :
बाथरूम पूर्ण तोडून नवीन केलं. लाद्या, पाईप, कमोड, बेसिन सगळं नवं. तरी गटारासारखा वास येतो आणि मध्येच नहाणीतून गुडगुड आवाज. प्लंबर म्हणतो ट्रॅपजवळ (जाळीखालचा पाणी धरून ठेवणारा भाग) परत फोडावं लागेल, त्याचे पैसे वेगळे. फोडायचं की नाही एवढंच सांगा. तो उद्या सकाळी येतोय, त्यामुळे प्लीज लवकर. 'आधी चांगला माणूस बघायला हवा होता' छापाचे सल्ले नकोत.

रानजाई :
जाळीवर दोन डांबरगोळ्या ठेवा. रात्री झोपताना खायचा सोडा आणि व्हिनेगर ओता, वर गरम पाणी. आमच्याकडे वास अजिबात नाही.

जुना_ओव्हरसियर :
कितवा मजला? इमारत किती जुनी? वास कायम येतो की ठरावीक वेळी? गुडगुड तुम्ही पाणी सोडल्यावर होते की वरच्या मजल्यावर कोणी सोडल्यावर? बेसिनचं पाणी कुठे सोडलंय? हे कळल्याशिवाय फोडा म्हणणं आणि नका म्हणणं, दोन्ही अंदाजपंचे.

कंटाळलोय_आता :
मजल्याचा काय संबंध? दुसरा. बिल्डिंग जुनी आहे, पण बाथरूम नवं आहे असं वर लिहिलंय. वास सकाळी जास्त. डांबरगोळ्या ठेवून झाल्या, आता दोन्ही वास येतात.

जुना_ओव्हरसियर :
बाथरूम नवं असलं तरी पाणी जुन्याच शाफ्टमध्ये, म्हणजे सगळ्या मजल्यांचे पाईप उतरतात त्या बोळात, पडतं ना.

झटपट_उपाय :
एवढी चौकशी कशाला? नहाणीत बसवायची सिलिकॉनची झडप मिळते. पाणी गेलं की आपोआप मिटते. वास बंद, झुरळं बंद. मी घरात तिन्ही ठिकाणी लावलीय.

जुना_ओव्हरसियर :
झडपेत केस आणि साबणाचा चिकटा अडकला की ती उघडीच राहते. शिवाय ट्रॅपमधलं पाणी का जातंय हा प्रश्न तसाच. वास अडवायचं काम ट्रॅपमध्ये साठलेल्या पाण्याचं असतं. नॅशनल बिल्डिंग कोडच्या भाग ९ मध्ये प्लंबिंग आहे, त्यात हे पाण्याचं सील ५० मिमी, म्हणजे दोन इंच धरलंय. ते टिकलं तर झडप लागत नाही.

पाईपवाला_बदलापूर :
मी हेच काम करतो म्हणून लिहितो. काका, कोड बरोबर आहे, पण साइटवर कोड कोण उघडतो? जुन्या बिल्डिंगमध्ये संकनला, म्हणजे बाथरूमखालच्या खचवलेल्या स्लॅबला, उंची नसते. लादीची लेव्हल दाराच्या उंबऱ्याखाली ठेवायची, उतार द्यायचा, वर वॉटरप्रूफिंगचा कोबा. या सगळ्यात माणूस कमी उंचीचा ट्रॅप टाकून मोकळा होतो. त्यात जेमतेम इंचभर पाणी राहतं.
धागाकर्ते, जाळी काढून टॉर्च मारा. पाणी दिसतंय का?

परदेशस्थ :
इकडे न्यू जर्सीत नॅशनल स्टँडर्ड प्लंबिंग कोड चालतो. प्रत्येक ट्रॅपला हवेची सोय असावीच लागते आणि भिंत बंद करण्याआधी इन्स्पेक्टर येऊन पाईप बघतो. तुमच्याकडे ही पद्धतच नाही, मग असं होणारच. एअर अ‍ॅडमिटन्स व्हॉल्व्ह बसवा, बेसिनखाली मावतो.

साधा_माणूस :
इन्स्पेक्टर न्यू जर्सीहून पाठवता का?

जुना_ओव्हरसियर :
तो व्हॉल्व्ह हवा आत घेतो, बाहेर सोडत नाही. मुख्य पाईपचं वरचं तोंड उघडं नसेल तर त्याचा उपयोग अर्धाच. आणि आपल्याकडे कोड नाही असं नाही. महाराष्ट्रात २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आहे, मुंबईला स्वतःची वेगळी. प्लंबिंगच्या कामाला त्या नॅशनल बिल्डिंग कोडकडेच बोट दाखवतात. फक्त फ्लॅटच्या आतलं रिनोव्हेशन तपासायला कोणी येत नाही, ही खरी अडचण.

मिरजकर_काकू :
धाग्यात घुसते, माफ करा. आमच्या गीझरच्या वरच्या जोडातून पाणी ठिबकतं. दोनदा टेफ्लॉन टेप गुंडाळून झाली. काय करावं?

कंटाळलोय_आता :
काकू, वेगळा धागा काढा ना.
टॉर्च मारला. पाणी दिसत नाही. काळं काहीतरी दिसतं. आता फोडायचं का?

पाईपवाला_बदलापूर :
फोडू नका अजून. एक मग पाणी ओता, परत टॉर्च मारा, पाणी कुठवर आहे ते बघून ठेवा. मग वरच्या मजल्यावाल्यांना कमोड फ्लश करायला आणि भरलेली बादली एकदम ओतायला सांगा. तुमच्या ट्रॅपमधलं पाणी हलतं का, खाली जातं का, ते बघा.
काकू, पाईप कुठला? पिवळसर असेल तर सीपीव्हीसी, तो गरम पाण्याला चालतो. पांढरा साधा यूपीव्हीसी असेल तर गीझरला चालत नाही, उष्णतेने मऊ पडतो. पिवळा असून गळत असेल तर प्लॅस्टिकच्या आट्या थेट गीझरला फिरवल्या असतील. पितळी आट्यांचा जोड घ्या आणि गीझरपासून पहिला तुकडा धातूच्या कनेक्शन पाईपचा ठेवा. जोड चिकटवायचं सोल्यूशनही सीपीव्हीसीचंच, यूपीव्हीसीचं उरलेलं नाही.

झटपट_उपाय :
झडप लावली असती तर आत्तापर्यंत झोपले असते.

नियमावली_वाचक :
मूळ मुद्दा कोणी मांडत नाहीये. काम नीट झालं नसेल तर ग्राहक आयोगात जाता येतं. बिलं, कोटेशन, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं जपून ठेवा.

कंटाळलोय_आता :
बिल नाही. रोख दिले.
वरच्यांना सांगितलं. बादलीने पाणी जरा हललं. फ्लश केल्यावर गुडगुड झाली आणि पाणी खाली गेलं, परत वर आलं नाही. पण वरच्यांचा फ्लश माझ्या नहाणीतून कसा वाजेल? कमोडचा पाईप वेगळा असतो ना?

जुना_ओव्हरसियर :
वेगळा असायचा. तुमच्या शाफ्टमध्ये आत्ता किती पाईप दिसतात? बिडाचे की पीव्हीसी?

कंटाळलोय_आता :
पीव्हीसी. जाड एकच आहे, बाकीचे पिण्याच्या पाण्याचे. आधी बिडाचे दोन जाड आणि एक बारीक होता. सोसायटीने सगळे बदलून घेतले. पण त्याला चार वर्षं झाली, तेव्हा काही त्रास नव्हता, म्हणून लिहिलं नाही.

जुना_ओव्हरसियर :
अहो, हेच तर विचारत होतो.
जुन्या पद्धतीत संडासाचा पाईप वेगळा आणि न्हाणीघराचा वेगळा. न्हाणीघराचा खाली आधी गली ट्रॅपमध्ये (जमिनीलगतचा पाणी धरणारा ट्रॅप) पडायचा आणि मग चेंबरला जायचा. म्हणजे वर नहाणी कोरडी पडली तरी चेंबरचा गॅस वर यायला वाट नव्हती. तिसरा बारीक पाईप हवेचा, ट्रॅपमधलं पाणी ओढलं जाऊ नये म्हणून. आता दोन्हींचं मिळून एकच झालं आणि बारीक पाईप 'कामाचा नाही' म्हणून भंगारात गेला. एकाच पाईपची पद्धत चुकीची नाही, चालते. पण तिची सगळी भिस्त दोन गोष्टींवर : प्रत्येक ट्रॅपमध्ये दोन इंच पाणी हवं आणि पाईपचं टोक गच्चीवर उघडं हवं.
वरून फ्लशचं पाणी पडतं तेव्हा ते मागे हवा ओढतं. ती गच्चीवरून मिळाली नाही तर जवळच्या ट्रॅपमधून घेतली जाते. पाण्याने भरलेली बाटली उलटी केली की गुडगुडते, तसाच हा आवाज.
तुमचा बिडाचा जुना ट्रॅप खोल असणार, त्याने दम धरला. नव्यात पाणीच कमी.

पाईपवाला_बदलापूर :
गच्चीवर जा आणि पाईपचं टोक बघा. वर जाळीची टोपी, काऊल म्हणतो आम्ही, ती असायला हवी.

कंटाळलोय_आता :
गच्चीवर आता पत्र्याची शेड आहे. मे महिन्यात बसवली, गळती थांबायला. टोक शेडच्या खालीच संपतं. त्यावर पक्कं बूच मारलंय. सेक्रेटरी म्हणाले, शेडखाली कार्यक्रम होतात, वास येत होता म्हणून बंद केलं.

साधा_माणूस :
आणि हे एकविसाव्या प्रतिसादाला कळतंय!

कंटाळलोय_आता :
बाथरूमच्या प्रश्नात गच्ची कशाला सांगू?

नियमावली_वाचक :
शेडला महापालिकेची परवानगी घेतली होती का? उंची किती? बाजूने उघडी आहे की बंद?

साधा_माणूस :
झालं, आता शेड पाडणार हे.

पाईपवाला_बदलापूर :
तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यावर विचारा, त्याच शाफ्टवरच्या घरांत. तिथेही असणार.

कंटाळलोय_आता :
तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, वास येतो, पण पावसाळ्यात येतोच. चौथ्यावाले म्हणतात त्यांनी झडप लावलीय.

झटपट_उपाय :
बघा!

जुना_ओव्हरसियर :
त्यांच्या झडपेने फक्त त्यांच्या घरातला वास अडला, हवेचा प्रश्न तसाच.
बूच काढायचं, पण तोंड शेडखाली ठेवायचं नाही. पत्र्याला भोक पाडून पाईप वर न्या, भोवती फ्लॅशिंग (पाणी अडवणारी कड) आणि सीलंट नीट भरा, नाहीतर गळतीसाठी केलेली शेडच गळेल. उतरत्या छपरावर निदान ६० सेंमी वर. वापरातल्या सपाट गच्चीवर असता तर २ मीटर सांगितलं असतं. जवळ कोणाची खिडकी असेल तर तिच्यापासूनही लांब. कार्यक्रमाला वास येणार नाही, कारण तोंड पत्र्याच्या वर असेल.

कंटाळलोय_आता :
खर्च कोण करणार? सेक्रेटरी म्हणतात त्रास तुम्हाला आहे.

नियमावली_वाचक :
गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत ड्रेनेज लाईनची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने करायची कामं आहेत. शाफ्टमधला पाईप सामाईक, त्याचं टोकही सामाईक. तुमच्या फ्लॅटमधला ट्रॅप मात्र तुमचा. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तिसऱ्या मजल्याची सही सोबत असू द्या.

पाईपवाला_बदलापूर :
आता बेसिन. पाणी कुठे जातं ते अजून सांगितलं नाहीत.

कंटाळलोय_आता :
बेसिनखाली स्टीलची बाटली आहे, तिचा पाईप लादीखालून नहाणीच्या ट्रॅपमध्ये. वॉशिंग मशीनचा पाईप जाळीवर सोडलाय.

पाईपवाला_बदलापूर :
बाटली म्हणजे ट्रॅपच. खाली दुसरा ट्रॅप. दोघांच्या मध्ये हवा कोंडते, बेसिन सावकाश रिकामं होतं आणि तेही गुडगुडतं. बाटली काढून साधा वेस्ट पाईप लावा, फोडावं लागत नाही. मशीनचा पंप जोरात पाणी फेकतो, त्याने कमी खोलीचा ट्रॅप रिकामा होऊ शकतो. जमलं तर त्याला वेगळी लाईन.

जुना_ओव्हरसियर :
बाटली काढायला हरकत नाही, पण ट्रॅपही बदलावाच लागेल. इंचभर पाणी उन्हाळ्यात घर बरेच दिवस बंद ठेवलं की वाळतं.

पाईपवाला_बदलापूर :
काका, नवी लादी फोडायची म्हणजे वॉटरप्रूफिंगही गेलं. मग खालच्यांच्या छताला ओल आली की तो वेगळा धागा. आधी गच्चीवरचं तोंड उघडं करा, महिना बघा. गावाला जाताना नहाणीत मगभर पाणी ओता, वर चमचाभर गोडंतेल. तेलाने पाणी लवकर वाळत नाही.

जुना_ओव्हरसियर :
तेलाचं मान्य. ट्रॅपचं नाही.

कंटाळलोय_आता :
दोघं भांडू नका. उद्याच्या माणसाला काय सांगू, एका ओळीत?

पाईपवाला_बदलापूर :
हातोडी घरी ठेवून ये, पाना घेऊन ये.

मिरजकर_काकू :
पाईप पांढराच निघाला हो. सगळा बदलायचा की गीझरपासून फक्त वरचा?

पाईपवाला_बदलापूर :
गीझरपासून नळ आणि शॉवरपर्यंतची गरम पाण्याची पूर्ण लाईन. आणि गीझरवरच्या दाबाच्या व्हॉल्व्हमधून थेंब येतो म्हणून कोणी बूच मारलं असेल तर ते आजच काढा.